क्रमांक चारचा श्वास

बर्फ्या चहाचा पहिला घोट कधी लगेच घेत नसे. आधी कपात बघायचा, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे, आणि दोन्हीकडे काही वावगं दिसलं नाही तरच कप ओठाला लावायचा. बायको म्हणायची, "सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. काही घालायचंच असतं तर इतकी वर्षं कळ काढली असती का मी?"

"तुझ्याबद्दल नाही गं," तो म्हणायचा. "पण दूध कुणाकडचं आलंय, काय माहीत."

त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. शीतगोदामात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? गोदामाच्या आतल्या दालनात उणे बावीस अंश थंडी असायची. गोठवलेले मटार, मासळी, आइस्क्रीम यांची खोकी उंच मांडण्यांवर रचलेली असत. हातातल्या यादीप्रमाणे ती शोधायची, उतरवायची, लाकडी पॅलेटवर नीट रचायची आणि गाडा दारापर्यंत ओढत न्यायचा, हे त्याचं काम. एका पाळीत बारा-तेरा किलोमीटर चाल सहज व्हायची, तीही ओझ्यासकट. पन्नास मिनिटांची एक खेप आत, मग पंधरा मिनिटं उबेच्या खोलीत. बाहेर आला की मिशा आणि भुवया पांढऱ्याफटक झालेल्या असत. नवीन पोरं हसायची आणि म्हणायची, "काका, एका पाळीत म्हातारे झालात की!"

त्याचा संशयी स्वभाव मात्र जन्मजात नव्हता. त्याचा थोरला भाऊ रंगाच्या कारखान्यात कामाला होता. एकदा तिथे तब्येत तपासायला माणसं आली. गोड बोलली, छातीला नळी लावली, एका कागदावर सही घेतली. महिन्याभरात दादाच्या हातात पत्र पडलं: आपल्या प्रकृतीचा विचार करता आपण आता विश्रांती घ्यावी. विश्रांती! त्रेचाळिसाव्या वर्षी दादा खिडकीशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. तेव्हापासून कुणी तब्येतीची चौकशी केली की बर्फ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न यायचा, याला माझ्या तब्येतीशी काय करायचंय?

त्यामुळे एक दिवस उबेच्या खोलीत साहेब एका डॉक्टरबाईंना घेऊन आले, तेव्हा बर्फ्याने पाय आखडून घेतले आणि कान टवकारले.

डॉक्टरबाई लहानखुऱ्या होत्या. पायात मात्र दोन नंबर मोठे वाटावेत असे बूट. त्या एका अभ्याससंस्थेतून आल्या होत्या. "कडाक्याच्या थंडीत माणूस सलग दीड तास राबला तर त्याचं शरीर काय काय करतं, ते आम्हाला मोजायचंय," त्या म्हणाल्या. "खेळाडूंवर असे प्रयोग झालेत. पण रोज थंडीत काम करणाऱ्यांकडे कुणी फारसं बघितलेलं नाही. सहा जण हवेत. प्रत्येकाने दोनदा यायचं. एकदा साध्या खोलीत चालायचं, एकदा थंड खोलीत."

साहेब मागे उभे राहून हसत होते. उणे बावीसमध्ये न कुडकुडणाऱ्या बर्फ्याला साहेब हसले की काटा यायचा.

"दीड तासच का?" त्याने विचारलं. "आम्ही तर पन्नास मिनिटांत बाहेर येतो."

डॉक्टरबाई काही बोलायच्या आत साहेबच म्हणाले, "अहो, शास्त्र आहे ते. आपल्याला काय कळतंय त्यातलं!"

झालं. बर्फ्याला कळायचं ते कळलं. पन्नास मिनिटांची खेप नव्वदवर न्यायची आणि वर शास्त्राचा शिक्का मारून घ्यायचा, हाच डाव. आणि जो नव्वद मिनिटं टिकणार नाही त्याला दादासारखी खुर्ची.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "मी नाव दिलंय."

बायकोच्या हातातली सुई थांबली. ती घरी शिवणकाम करायची. "भरवसा नाही म्हणता आणि नाव देता?"

"भरवसा नाही म्हणूनच दिलं. दाराबाहेर उभं राहून आत काय शिजतंय ते कसं कळणार?"

संमतीचा कागद त्याने तीन दिवस वाचला. दुकानातून भिंग आणलं, बारीक अक्षरांवर फिरवलं. 'कोणाचेही नाव उघड केले जाणार नाही, प्रत्येकास फक्त क्रमांक असेल,' या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि मगच सही केली.

पहिली फेरी साध्या खोलीतली. गुरुवार होता. सोमवारपासून रोज एक जण जात होता, त्यामुळे बर्फ्याला मिळालेला क्रमांक चार. डॉक्टरबाईंनी त्याच्यापुढे एक छोटी पांढरी गोळी ठेवली.

"काका, ही गिळायची. औषध नाही, आत तापमापक आहे. पोटातून आम्हाला तुमच्या शरीराचं आतलं तापमान कळवत राहील. एक-दोन दिवसांत आपोआप बाहेर पडते."

बर्फ्याला 'काका' हा शब्दच खटकला. काका म्हणत येणारी माणसं बहुतेक काहीतरी गळ्यात मारायला आलेली असतात, असा त्याचा अनुभव होता.

"तुम्ही घेतलीय कधी?" त्याने विचारलं.

"पुष्कळदा."

"आत्ता घ्या की."

मदतनीस मुलगी खुदकन हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून दुसरी गोळी आणली आणि पाण्याचा ग्लास उचलला.

"थांबा," बर्फ्या म्हणाला. "तुमची मला द्या. माझी तुम्ही घ्या."

डॉक्टरबाईंनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं, गोळ्यांची अदलाबदल केली आणि त्याच्यासाठी ठेवलेली गटकन गिळून टाकली. थोड्या वेळाने पडद्यावर दोन आकडे दिसू लागले, त्यांचा सदतीस पूर्णांक एक आणि त्याचा छत्तीस पूर्णांक नऊ. बर्फ्याचं समाधान झालं असं नाही, पण पुढचा प्रश्न त्याला सुचेना.

मग आली फुंकायची नळी. "पोटभर श्वास घ्या आणि सगळा जोर लावून एका दमात सोडा. चालण्याआधी एकदा, नंतर एकदा."

इथे बर्फ्याच्या मनाने भलतीच गिरकी घेतली. गेल्या हिवाळ्यापासून एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. थंड दालनात काम करताना त्याला काही होत नसे. पण उबेच्या खोलीत येऊन बसला की पाच-सात मिनिटांत छाती आवळायची, आत बारीक शीळ वाजायची आणि खोकल्याची उबळ यायची. ती उबळ तो संडासात जाऊन, नळ मोठा सोडून काढायचा. आता नळी हातात घेताना त्याने हिशेब केला. थंड खोलीतल्या फेरीनंतर आपला दम कमी भरणार, हे नक्की. मग आजच कमी फुंकून ठेवलं तर? दोन्हीकडचे आकडे सारखे येतील. कुणाला पत्ता लागणार नाही.

आणि त्याने गाल फुगवून, डोळे वटारून, तोंड लालबुंद करून जेमतेम अर्धा श्वास सोडला. नाटक इतकं बेमालूम होतं की मदतनीस मुलगी म्हणाली, "वा काका, छान जोर लावलात!"

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"कशी आहे तब्येत?"

"ठणठणीत."

"छातीबितीचा त्रास नाही ना? नाही, असला तर सांगा. फाटकाजवळ बसून नोंदी करायचं काम आहे. हलकं. नव्वद मिनिटांची खेप सुरू झाली की सगळ्यांनाच झेपेल असं नाही." साहेब टेबलावरचा एक कागद सरळ करत म्हणाले, "आता क्रमांक चारचंच बघा. साध्या खोलीतसुद्धा श्वास अगदीच कमी."

बर्फ्या खुर्चीच्या टोकाशी सरकला. आपला क्रमांक यांना कसा कळला? नव्वद मिनिटांचं ते तर त्याने आधीच ओळखलं होतं. पण दादाच्या वाट्याला आलेलं पत्र इतक्या लवकर, इतक्या मऊ आवाजात आपल्यासमोर येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

पाळी संपताच तो तडक अभ्याससंस्थेत गेला. डॉक्टरबाई बूट काढून, पाय स्टुलावर ठेवून काहीतरी वाचत होत्या.

"मॅडम, तुमच्या कागदावर लिहिलं होतं नाव सांगणार नाही म्हणून. साहेबांना माझा नंबर कुणी सांगितला?"

"कुणीच नाही!" त्या उठून उभ्या राहिल्या. "नावांची यादी या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे."

"कपाटाला दुसरी किल्ली नसते का?"

"काका, खरंच नाही. साहेबांनी विचारलं होतं, माझी माणसं थंड खोलीत पाठवायला धोका तर नाही ना. म्हणून मी त्यांना एक पान दिलं. नुसते क्रमांक होते त्यावर. एक, दोन, तीन..." बोलता बोलता त्या अडखळल्या.

बर्फ्याच्याही डोक्यात त्याच क्षणी उजेड पडला. "सोमवारी गेला तो एक नंबर. मंगळवारी गेला तो दोन. आणि कुणाला कुठल्या दिवशी सोडलं, त्या रजा मंजूर कुणी केल्या? साहेबांनी!"

डॉक्टरबाईंनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. हे सोंग नाही, एवढं बर्फ्याला कळत होतं, कारण सोंग कसं असतं ते त्याला आता स्वतःवरून माहीत होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "सोय म्हणून क्रमाने नंबर दिले. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तुमचा आकडा खरोखरच इतका कमी आहे की मी स्वतःच तुम्हाला बोलवणार होते. तो खरा असेल तर तुम्हाला जिना चढतानाही धाप लागायला हवी. तुम्ही तर दीड तास चाललात."

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर लबाडी उघडी पडणार, आणि न सांगावं तर फाटकाजवळची खुर्ची वाट बघत होती. बर्फ्या त्यांच्यासमोर बसला. मग त्याने दादाचं सगळं सांगितलं. तो कागद, ती सही, ती खिडकी. संडासातला खोकला सांगितला आणि अर्धवट फुंकलेला श्वासही.

डॉक्टरबाई त्याला रागावल्या नाहीत. "नळी आणते," एवढंच म्हणाल्या.

या वेळी त्याने छातीच्या तळापासून श्वास सोडला. आकडा त्याच्या वयाच्या माणसाला शोभेल असा आला.

थंड खोलीतली फेरी त्यानंतर दहा दिवसांनी झाली. त्याआधी बर्फ्याने दोन अटी घातल्या. क्रमांक पुन्हा द्यायचे, तेही चिठ्ठ्या उचलून. आणि सहा जणांनी आपापसांत पाळ्या बदलून घ्यायच्या, म्हणजे कुठल्या दिवशी कोण गेलं ते रजेच्या वहीवरून कळणार नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही मान्य केल्या. शिवाय झाली चूक त्यांनी आपल्या वरच्या समितीला लेखी कळवली, आणि साहेबांना पत्र पाठवलं की क्रमांक चारची पहिली नोंद सदोष होती, ती रद्द समजावी. पत्र जाण्याआधी बर्फ्याने ते दोनदा वाचून घेतलं.

थंड खोली उणे वीसची. पाठीवर बारा किलोंची पिशवी, पायाखाली चढाला लावलेली ट्रेडमिल, बोटांना आणि छातीला चिकटवलेल्या तारा. काचेपलीकडे डॉक्टरबाई बसून माइकवरून बोलत होत्या.

पहिली दहा मिनिटं बोटं बधिर झाली. मग एकदम त्यांत ऊब भरली, मुंग्या आल्या. हे त्याला रोजचंच होतं, पण कारण आज कळलं. "थंडी लागली की शरीर कातडीकडचं रक्त आवरून आत घेतं," डॉक्टरबाई सांगत होत्या. "हृदय, मेंदू आधी सांभाळायचे म्हणून. पण बोटं मरू नयेत म्हणून मधूनमधून दार उघडून थोडं गरम रक्त सोडतं. तुमची दारं नवख्या माणसापेक्षा लवकर उघडतायत."

"आणि लघवीला सारखं का होतं?"

"त्याचं कारणही तेच. आत रक्ताची गर्दी झाली की मूत्रपिंडांना वाटतं, शरीरात पाणी जास्त झालंय. तहान मात्र लागत नाही. म्हणून तुम्ही लोक पाणी कमी पिता आणि गमावता जास्त."

बर्फ्याला हे पटलं, म्हणून लगेच संशय आला. इतकं सरळ असेल तर बावीस वर्षांत कुणी सांगितलं का नाही?

चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर त्याचं आतलं तापमान अडतीसच्या वर गेलेलं होतं. बाहेर उणे वीस आणि आतून भट्टी! पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आतला सदरा चिकटला होता. मिशांवर बर्फ आणि पाठीवर घाम, अशी दोन ऋतूंची माणसं एकाच अंगात. साठ मिनिटांनी हाताची पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं तेव्हा बोटं त्याचं ऐकेनात. मन दाबा म्हणत होतं आणि बोटं विचार करत होती.

नव्वद मिनिटं त्याने पुरी केली. थांबल्यावर खरी गंमत सुरू झाली. भट्टी विझली पण घाम तसाच होता, आणि ओल्या सदऱ्याने दोन मिनिटांत त्याला अशी हुडहुडी भरवली की दात वाजायला लागले. कोरडे कपडे, कांबळं, गरम पाणी. सातव्या मिनिटाला छाती आवळली. शीळ वाजली. आजूबाजूला मोठा सोडायला नळ नव्हता. डॉक्टरबाई समोर होत्या. त्या म्हणाल्या, "खोका. अडवू नका."

तो खोकला. बरगड्या दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला. मग नळीत फुंकलं. आकडा आधीपेक्षा एक पंचमांशाने खाली होता.

"कोरडी, थंड हवा भराभर आत गेली की श्वासनळ्या सुकतात आणि आकसतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुधा तेच झालंय, आणि तसं असेल तर उपाय आहे. छातीच्या डॉक्टरांकडे जा. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे तुम्ही ठरवायचं. माझ्याकडून हे बाहेर जाणार नाही."

"मागेही तुम्ही तेच म्हणाला होतात."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून या वेळी तुम्हीही लक्ष ठेवा."

हे उत्तर त्याला आवडलं. माझ्यावर विश्वास ठेवा, असं त्या म्हणाल्या असत्या तर तो तिथूनच उठला असता.

दोन दिवसांनी उबेच्या खोलीत तो आणि फोर्कलिफ्टवाला लंबू दोघंच होते. लंबूही त्या सहा जणांतला. दोघंही एकमेकांकडे चोरून बघत होते. शेवटी लंबूच म्हणाला, "एक विचारू? आतून उबेत आल्यावर तुला... म्हणजे छातीत काही..."

"का? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही रे! मला होतं म्हणून विचारतोय. दीड वर्ष झालं. मी गाडीचं इंजिन चालू करून खोकतो."

मग दोघांनी मिळून बाकीच्या चौघांना हळूच विचारलं. आठवडा संपेपर्यंत कळलं की सहांपैकी चौघं खोकत होते. एक जिन्याखाली, एक रिकाम्या खोक्यांच्या ढिगामागे, एक इंजिनाच्या आवाजात आणि एक नळाच्या. चार धडधाकट माणसं एकमेकांपासून लपून खोकत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, मोडलोय तो मी एकटाच.

अहवाल तीन महिन्यांनी आला. त्याची एक प्रत कामगार खात्यातही गेली. सहा जणांवरून सगळ्या जगाचं सांगता येणार नाही, असं त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पण या सहा जणांपुरतं स्पष्ट होतं: तासाभरानंतर हाताची पकड ढिली पडते, चौघांचा श्वास आकसतो, आणि सगळ्यात वाईट ओले कपडे. साहेबांनी नव्वद मिनिटांचा विषय पुन्हा काढला नाही. खेप पन्नास मिनिटांचीच राहिली, नाकातोंडावर घ्यायच्या ऊबदार पट्ट्या आल्या आणि विश्रांतीत बदलायला प्रत्येकाला दुसरा सदरा मिळाला. अहवालातल्या नव्या क्रमांकांमागे कोण कोण आहे, हे साहेबांना पुढे कधी कळलं नाही. त्यांनी प्रयत्न केला असावा, असं बर्फ्या आजही म्हणतो.

छातीच्या डॉक्टरांनी त्याला कामाआधी ओढायचा पंप दिला. त्यासोबतचा माहितीचा कागद वाचायला बर्फ्याला दोन दिवस लागले आणि बायकोने तेवढे दोन दिवस कपाळाला हात लावला. पण शीळ थांबली. वर्षभराने त्याने स्वतः अर्ज करून माल बाहेर जातो त्या धक्क्यावर बदली मागून घेतली. तिथे चार अंश असतात.

दरम्यान डॉक्टरबाईंच्या वरच्या समितीतून एक पत्र आलं होतं. माणसांवर होणारा प्रत्येक प्रयोग आधी ती समिती तपासायची. तिथे डॉक्टर होते, प्राध्यापक होते, कायदेपंडित होते. संमतीचे कागद वाचायला त्यांना एक साधा कामकरी माणूस हवा होता आणि डॉक्टरबाईंनी बर्फ्याचं नाव सुचवलं होतं. "यात त्यांचा काय फायदा?" असं पुटपुटत त्याने ते पत्र आठवडाभर कपाटावर ठेवलं. मग इस्त्रीचा सदरा घालून गेला.

लांबलचक टेबल. पुढ्यात एका नव्या प्रयोगाचे कागद. सगळ्यांनी भराभर पानं उलटली, माना हलवल्या. अध्यक्ष म्हणाले, "मग मंजूर समजायचं?"

"एक विचारायचं होतं," बर्फ्या म्हणाला. "इथे लिहिलंय, किरकोळ त्रास होण्याची शक्यता आहे. किरकोळ म्हणजे किती? आणि ते कुणी ठरवलं, ज्याला होणार त्याने की ज्याला होणार नाही त्याने?"

 कायदेपंडितांनी चष्मा वर केला. अध्यक्षांनी ते पान पुन्हा काढलं, ओळ वाचली, परत वाचली आणि पेन उघडलं.

"पान पाचवरही आहे अजून एक," बर्फ्या म्हणाला.